खिशातला की खांद्यावरचा?

दिवाळी आली की मध्यमवर्गीय माणसाच्या डोक्यात दोन हिशेब एकाच वेळी सुरू होतात. बोनस किती आला हा पहिला, आणि तो कशात घालवावा हा दुसरा. पहिला पाच मिनिटांत संपतो. दुसरा वसुबारसेपासून भाऊबिजेपर्यंत पुरतो, आणि कधी कधी तुळशीचे लग्न लागले तरी सुटत नाही. यंदा आमच्या ओळखीच्या मंडळींत या दुसऱ्या हिशेबाने एक ठरावीक रूप घेतले आहे. जो भेटतो तो मला विचारतो, "कॅमेरा घ्यायचाय. मोठा घेऊ की छोटा?"

वास्तविक मी काही धंदेवाईक छायाचित्रकार नव्हे. पण घरात थर्मामीटर असला की शेजारीपाजारी आपल्याला अर्धा डॉक्टर समजू लागतात, तसेच हे. गेली चाळीस वर्षे माझ्या गळ्यात नाहीतर खिशात कोणता ना कोणता कॅमेरा असतो, एवढ्या भांडवलावर लोक मला तज्ज्ञ मानतात. आणि खरे सांगायचे तर, कुणी तज्ज्ञ मानले की माणसाला 'नाही' म्हणणे मोठे जड जाते. तेव्हा वाचकहो, प्रत्येकाला वेगवेगळे उत्तर देण्यापेक्षा एकदाच सर्वांना सांगून टाकतो.

आधी वादी-प्रतिवादींची ओळख करून देऊ. 'मोठा' म्हणजे हल्ली ज्याला मिररलेस म्हणतात तो, धंदेवाईक लोक वापरतात त्या जातीचा. बॉडी वेगळी, लेन्स वेगळी, आणि दोन्हींना मिळून एक स्वतंत्र पिशवी. 'छोटा' म्हणजे कॉम्पॅक्ट. लेन्स अंगालाच चिकटलेली, आणि बंद केला की खिशात मावणारा. आता 'खिशात मावणारा' म्हणजे कुणाच्या खिशात, हे मात्र दुकानदार सांगत नाही. फूजीचा एक्स-१०० सिक्स नावाचा एक सुरेख कॅमेरा २०२४ साली आला. त्याचे वजन ५२१ ग्रॅम. कोटाच्या खिशात तो ऐटीत बसतो. शर्टाच्या खिशात ठेवलात तर खिसा बेंबीपर्यंत येईल. उलट २०१९ सालचा रिको जीआर थ्री अवघा २५७ ग्रॅमचा. तो पँटच्या खिशात रुमालाशेजारी राहतो आणि रुमालाची कुरकुर नसते.

मिररलेस म्हणजे आरसा नसलेला. पूर्वीच्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे तिरपा आरसा असे. लेन्समधून आलेले दृश्य तो वरच्या भिंगाकडे पाठवी, आणि फोटो काढताना खाडकन वर उचलला जाई. तो खाडकन आवाज ऐकूनच नवरदेव हसायचे. २००८ साली पॅनासॉनिकने आरसा काढून टाकून लेन्स बदलता येणारा कॅमेरा बाजारात आणला. २०१३ साली सोनीने ए-सेव्हन काढून तीच युक्ती फुल फ्रेम सेन्सरला लावली. पुढे २०१८ साली निकॉन आणि कॅनन हे दोन जुने सरदारही त्याच वाटेने गेले. आरसा गेला, बॉडी सडपातळ झाली, आणि लोकांना वाटले की आता वजनाचा प्रश्न मिटला.

तो मिटला नाही. कारण बॉडी सडपातळ झाली तरी लेन्स काही उपास करीत नाही. सेन्सर मोठा, तर त्यावर प्रकाश नीट पसरणारी लेन्सही मोठीच लागणार. सोनीच्या ए-सेव्हन फोरचे वजन ६५८ ग्रॅम. त्याला लग्नकार्यात नेहमी लावतात ती २४ ते ७० मिलिमीटरची उंची लेन्स जोडा. तिच्या दुसऱ्या आवृत्तीचे वजन ६९५ ग्रॅम. म्हणजे १,३५३ ग्रॅम झाले. जादा बॅटरी, चार्जर आणि पिशवी धरली की मामला दोन किलोंच्या आसपास जातो.

मग एवढे ओझे लोक हौसेने का वाहतात? त्याला कारण आहे, आणि ते साधे आहे. आषाढात पागोळीखाली एक परात ठेवा आणि एक वाटी ठेवा. पाऊस दोघींवर सारखाच पडतो, पण परातीत पाणी जास्त साठते. प्रकाशाचे तसेच. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. बऱ्याच कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांत असतो तो 'एक इंची' सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटर, म्हणजे ११६ चौरस मिलिमीटर. पहिला दुसऱ्याच्या सातपटीहून मोठा. (या 'एक इंची' सेन्सरमध्ये इंच कुठेच सापडत नाही, ही गंमत वेगळी. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतील नळ्यांच्या मापावरून ते नाव चालत आले आहे.) भर उन्हात दोघांच्या फोटोंत फारसा फरक दिसणार नाही. पण पणतीच्या उजेडात, लग्नाच्या हॉलमध्ये, देवळाच्या गाभाऱ्यात परात ती परातच. रिकोसारख्या काही कॉम्पॅक्टमध्ये मात्र यांच्या मधला, सुमारे ३६७ चौरस मिलिमीटरचा सेन्सर असतो. त्याला आपण ताटली म्हणू.

या मापामागे एक मौज दडलेली आहे. जर्मनीतील वेट्झलार गावी लाइट्झ कंपनीत ओस्कार बार्नाक नावाचा एक कारागीर होता. त्याला दम्याचा विकार होता. त्या काळचे काचेच्या प्लेटांचे कॅमेरे डोंगरावर वाहून नेणे त्याला झेपेना. म्हणून १९१३-१४ च्या सुमारास त्याने सिनेमाची फिल्म आडवी चालवून, सिनेमाच्या दोन चौकटींएवढी एक चौकट केली, आणि हातात मावेल असा कॅमेरा बनवला. ती चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची. १९२५ साली तोच कॅमेरा लायका या नावाने विक्रीला आला. म्हणजे ज्या मापाला आज आपण 'फुल' म्हणतो आणि ज्याच्या ओझ्याने खांदे धरून येतात, ते माप जन्माला आले तेच मुळी एका दमेकऱ्याच्या खिशासाठी! कालचा छोटा तो आजचा मोठा. तेव्हा मोठेपणाची फार प्रौढी कुणी मिरवू नये.

आता माझ्याकडे आलेल्या अनेकांपैकी दोघांची हकीकत सांगतो, म्हणजे माझे म्हणणे स्पष्ट होईल.

पहिली आमच्या शेजारची मुलगी. कॉमर्सची पदवी घेऊन नोकरी शोधता शोधता लग्नाचे फोटो काढू लागली, आणि आता तोच तिचा व्यवसाय झाला आहे. ती आली तेव्हा तिला कर्ज काढायचे होते आणि त्यावरून घरात धुसफूस चालली होती. तिचे वडील मला म्हणाले, "काका, तुम्हीच तिला समजवा. छोट्या कॅमेऱ्यात काय वाईट आहे?"

मी त्यांना एकच प्रश्न विचारला, "अंतरपाट दूर व्हायला किती वेळ लागतो?"

ते गप्प झाले. मुलीच्या बापाला तो क्षण कळतो. मंगलाष्टके अर्धा तास चालतील, पण अंतरपाट दूर होतो एका श्वासात. अक्षता उडतात, मुलीचे डोळे वर होतात, आणि ते पुन्हा तसे वर होत नाहीत. हॉलमधला उजेड अर्धा पिवळा, अर्धा निळा. माणसांची गर्दी. अशा वेळी डोळा शोधून त्यावरच फोकस धरून ठेवणारी यंत्रणा हवी. मागे सरकायला जागा नसेल तर लेन्स बदलता यायला हवी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कॅमेऱ्यात दोन कार्डे हवीत. प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांवर उतरतो; एक दगावले तरी दुसरे जिवंत. हे सोंग श्रीमंतीचे नाही, जबाबदारीचे आहे. आपला फोटो बिघडला तर आपण हळहळतो. दुसऱ्याच्या लग्नाचा बिघडला तर त्याला काय तोंड दाखवणार? लग्न काही पुरवणी परीक्षेसारखे पुन्हा घेता येत नाही.

मुलीने मोठा कॅमेरा घेतला. हप्ता फेडते आहे. उजवा खांदा दुखतो म्हणते. पण सुताराचा हातही दुखतोच.

ओझ्याची ही तक्रार ऐकली की मला होमाई व्यारावाला आठवतात. नवसारीत जन्मलेल्या आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या या बाई १९४२ साली दिल्लीला गेल्या. साडी नेसून, स्पीड ग्राफिकसारखा भला थोरला कॅमेरा घेऊन, सायकलवरून त्यांनी दिल्ली पालथी घातली. स्वतंत्र होणाऱ्या देशाचे चेहरे त्यांच्यामुळे आपल्याला माहीत आहेत. त्याच दिल्लीत १९४८ च्या जानेवारीत आंरी कार्तिए-ब्रेसाँ हा फ्रेंच माणूस छोटासा लायका घेऊन आला होता. कुणाच्या नजरेत भरू नये म्हणून कॅमेऱ्याचा चकाकणारा भाग तो काळ्या पट्टीने झाकीत असे. ३० जानेवारीला गांधीजींच्या हत्येच्या थोडाच वेळ आधी तो त्यांना भेटून आला होता. पुढचे शोकाकुल दिवस त्याच्या त्या लहानशा कॅमेऱ्याने टिपले. एकीचा कॅमेरा थोरला, दुसऱ्याचा धाकटा. दोघांचेही फोटो आज इतिहास म्हणून पाहिले जातात. म्हणजे प्रश्न कॅमेऱ्याच्या थोरवीचा नसून ज्याच्या त्याच्या कामाचा आहे.

दुसरा उमेदवार माझा भाचा. बँकेत नोकरीला. तो आणि सूनबाई दोघेही दिवसभर बाहेर असतात, म्हणून त्यांची तीन वर्षांची मुलगी दुपारी आमच्याकडे असते. माझी आई, म्हणजे त्या पोरीची पणजी, यंदा अठ्ठ्याऐंशी वर्षांची झाली. दुपारभर त्या दोघींचे गूळपीठ चालते. भाचा म्हणाला, "मामा, लेकीचं लहानपण काही परत यायचं नाही. घेतो तर उत्तमच घेतो. मोठाच घेतो."

हेतू इतका चांगला होता की विरोध करणे अवघड. म्हणून मी विरोध केलाच नाही. त्याला दीड किलो तांदूळ पिशवीत बांधून दिले आणि सांगितले, "हा तुझा कॅमेरा. आठ दिवस जाशील तिथे बरोबर ने. बँकेत, मंडईत, आमच्याकडे. आठ दिवस नेलास तर मोठा घे. मी स्वतः दुकानात येतो."

आमच्या सौभाग्यवती आतून म्हणाल्या, "आणि तांदूळ परत आणून द्या म्हणावं. आंबेमोहोर आहे."

पहिले दोन दिवस भाच्याने ते इमानाने वाहिले. तिसऱ्या दिवशी पाऊस होता. चौथ्या दिवशी तो संध्याकाळी लेकीला न्यायला आला, तेव्हा पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाची तिरीप आत आली होती, आणि पोरगी फणी घेऊन पणजीच्या उरल्यासुरल्या केसांची वेणी घालीत होती. आई डोळे मिटून बसली होती. लहानपणी तिच्या आईपुढे ती अशीच बसत असेल. भाचा दारातच थांबला. बराच वेळ उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "मामा, तांदूळ आज घरीच राहिले."

त्यापुढे मला काही सांगावे लागले नाही.

आता कुणी म्हणेल, खिशात फोन होता की! होता, आणि फोनची मी निंदा करणार नाही. जपानी कारखानदारांच्या संघटनेच्या मोजणीप्रमाणे २०१० साली बारा कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाजारात गेले. २०२३ साली ऐंशी लाखही गेले नाहीत. फोनने मधल्या काळात काय केले ते या आकड्यांत आहे. उन्हातला फोटो फोन झकास काढतो. पण त्याची वाटी आणखी लहान, आणि कमी उजेडात तो पाणी कमी पडले की हिशेबाने भरून काढतो. कातडीवरच्या सुरकुत्या पुसून अठ्ठ्याऐंशीची बाई साठीची करून टाकतो. शिवाय फोन हा एक बाजार आहे. फोटोसाठी म्हणून बाहेर काढावा, तर वरच कुणाचा तरी निरोप आलेला असतो. तो वाचून मान वर करीपर्यंत वेणी संपलेली असते. कॅमेऱ्याचा मोठा गुण हा की त्यावर कुणाचा फोन येत नाही.

भाच्याने छोटा घेतला. त्याचे गुण महिनाभरात दिसले. मोठा कॅमेरा घरात निघाला की घर बदलते. आई पदर सारखा करते आणि कवळी मागते. मुले दोन बोटे वर करून दात काढतात. मीदेखील, खोटे कशाला बोला, पोट आत घेतो. छोटा निघाला तर कुणी मान वळवीत नाही. मोठ्या कॅमेऱ्यापुढे माणसे फोटोला बसतात. छोट्यापुढे ती नुसतीच बसलेली असतात.

तथापि पक्षपात नको. छोट्याचे अवगुणही सांगतो. रिकोसारख्यात डोळा लावायला व्ह्यूफाइंडर नाही. उन्हात मागचा पडदा नीट दिसत नाही. झूम नाही. बॅटरी लवकर दमते. पाऊस आणि धूळ त्याला सोसत नाही. आणि बालवाडीच्या स्नेहसंमेलनात बाराव्या रांगेतून काढलेल्या फोटोत तुमची राधा आणि दुसऱ्याचा पेंद्या हे दोन तांदळाचे दाणे दिसतील. त्यावर उपाय असा की पुण्या-मुंबईत मोठे कॅमेरे आणि लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात. वर्षातून तीन दिवस लागणारी गोष्ट भाड्याने आणावी. मांडव आपण विकत घेत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या हवेची. मुंबईत आणि कोकणात चार महिने हवा दमट असते. कपाटात, विशेषतः चामड्याच्या पेटीत बंद राहिलेल्या लेन्सवर बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू काचेवर पसरतात आणि काचेचा लेप खातात. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून, आतला दमटपणा चाळीस-पन्नास टक्क्यांवर ठेवावा हे खरेच. पण त्याहून सोपा उपाय म्हणजे कॅमेरा वापरीत राहावे. उजेड आणि वारा लागणाऱ्या लेन्सला बुरशी सहसा शिवत नाही. आमच्या सौभाग्यवतींचे यावर एक वचन आहे. त्या म्हणतात, "कपाटात राहतो त्याला कॅमेरा म्हणत नाहीत, दागिना म्हणतात." वाचकांनी ते लक्षात ठेवावे. मला ते रोज ऐकावे लागते.

छोटा कॅमेरा घेणाऱ्याला एक ताकीद मात्र द्यायला हवी. तो आवाज करीत नाही, दिसत नाही. म्हणून चोरीचा मोह फार. घरच्या माणसांचे ठीक आहे. पण घाटावर कपडे बदलणारी बाई, रस्त्यावर निजलेला म्हातारा, दवाखान्याच्या ओसरीत रडणारा माणूस यांच्यापुढे तो खिशातच राहू द्यावा. नाहीतर विचारून काढावा. मोठा कॅमेरा निदान सांगून येतो.

एकूण काय, कॅमेरा घेताना दुकानात त्याची परीक्षा घेऊ नका. आपल्या वर्षाची घ्या. कागद घेऊन गेल्या बारा महिन्यांतल्या ज्या क्षणांचा फोटो हवा होता ते आठवून लिहा. ते तारीख ठरवून, आमंत्रण छापून आले होते की न सांगता? आणि फोटो चुकला असता तर कुणाला जाब द्यावा लागला असता? क्षण आमंत्रणाने येत असतील आणि जाब दुसऱ्याला द्यायचा असेल, तर मोठा घ्या, कर्ज काढून घ्या, आणि खांद्याला तेल लावा. क्षण न सांगता येत असतील आणि जाब फक्त स्वतःला द्यायचा असेल, तर छोटा घ्या, आणि तो दिवसा खिशात व रात्री उशाशी ठेवा.

आणि कोणताही घ्या, फोटो कागदावर छापून घ्या. भाच्याने परवा एक फोटो छापून आणला. त्यात आईचे दोन हात आहेत, आणि त्यांत ठेवलेली पोरीची इवलीशी मूठ. आईने चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "माझ्या आईचे हात असेच होते रे. तिचा एकही फोटो नाही."

दिवाळीच्या शुभेच्छा. फराळाला बोलवाल तर येईन. खिशात काय असेल ते तुम्हाला ठाऊक आहेच.